उशाशी कोणी बसावं

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आठशे वर्षांपूर्वी जपानमध्ये वारलेल्या एका भिक्षूला नैराश्याचा आजार नव्हता. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी. ही घोषणा माझी नाही, गजभिये सरांची आहे. भर परिसंवादात, पहिल्या रांगेतून उठून, माझा निबंध वाचून होताक्षणी त्यांनी ती केली होती. गेल्या महिन्यात सर गेले. त्यांच्यावर लिहायचं तर सुरुवात त्यांच्याच वाक्याने करावी म्हटलं. निदान पहिल्या ओळीपुरते तरी ते माझ्यावर चिडणार नाहीत.

यशवंत गजभिये क्योटोत शिकून आले आणि नागपुरात जपानी शिकवत राहिले. सीताबर्डीवर मोबाईलच्या दुकानांच्या वर त्यांचा वर्ग होता. बहुतेक विद्यार्थी विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांनी धाडलेले. त्यांना नमस्कार, आकडे आणि माफी मागायची वाक्यं आली की पुरे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी आणि हौशी नाटकांत राण्यांच्या भूमिका करणारी बाई, त्या वर्गात उगाचच गेले आणि अडकले. कारण वर्ग सुटला की सर त्यांची लाडकी पुस्तकं काढायचे. मरणाऱ्या माणसाजवळ कसं बसावं, याच्या सूचना जुन्या मठांतल्या भिक्षूंनी लिहून ठेवल्या होत्या, त्या. मरण जवळ आलं की भिक्षूने आपली वस्त्रं वाटून टाकावीत, भेटीगाठी थांबवाव्यात, पश्चिमेकडे, त्यांच्या श्रद्धेतल्या सुखलोकाकडे, तोंड करावं. उशाशी एकच सोबती बसावा आणि त्याने मधूनमधून विचारावं, ‘काय दिसतं?’ मरणारा संसारी असेल, तर बायकामुलांनी मात्र दूर राहावं. त्यांच्या चेहऱ्यात मन अडकलं तर शेवटच्या क्षणी ते तिथेच राहील, ही त्या लोकांची धास्ती.

मला त्यात लगेच माझा विषय दिसला. माणसांत मिसळणं बंद, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, अन्नावरची वासना उडणं… आमच्या पुस्तकांतली लक्षणं एकापाठोपाठ एक हजर. मी त्यातल्याच एका भिक्षूवर निबंध लिहिला आणि ठेवणीतली साडी नेसून, आवाजात योग्य ते चढउतार घेऊन तो सादर केला. सरांनी वरची घोषणा केली आणि वर विचारलं, “मग मॅडम, या भिक्षूंना गोळी किती मिलिग्रॅमची देता?” सभागृह हसलं. मीही हसले. चांगला संवाद दुसऱ्याच्या तोंडी गेला की नटीला काय होतं, ते नट्यांनाच विचारा.

बाहेर चहाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. “सर, दुःख ते दुःखच ना. त्यात जपानी काय अन् मराठी काय?”

“अवं, दुःख त्याचं आहे. तू त्याच्यावर नाव टाकून राहिली,” सर म्हणाले. “लग्नातल्या भांड्यांवर नाव टाकून घेतात नं, तसं. भांडं त्याचं, नाव तुझं. अन् एकदा नाव टाकलं की आत काय होतं ते कोणी पाहत नाही.”

“मग तुम्ही तरी त्याला मध्ययुगीन काहून म्हणता? ते नावही गोऱ्या साहेबांनीच पाडलेलं.”

“नको म्हणू तेही. त्या बुवाले काय माहीत, तो मध्ये आहे म्हणून.”

एवढी चीड कुठून आली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. “त्याच्याआधी आम्ही कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं. तू स्वतःले काय म्हणतो, असं माझ्या आज्याले कोणी विचारलं नाही. म्हणून कोणाले नाव देण्याआधी मी जरा थांबतो.” तरी माझा निबंध मी मागे घेतला नाही. आम्ही भांडत राहिलो, वर्षानुवर्षं, मोठ्या आनंदाने.

मग सरांची फुप्फुसं आकसायला लागली. नाकात प्राणवायूची नळी आली, आणि फार काळ नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इथून पुढचं मी कितीही रंगवून सांगितलं तरी तेव्हा मी पुरती घाबरले होते, हे आधीच सांगून ठेवते. सरांनी शब्दकोश वाटून टाकले. क्योटोहून आणलेला कोट शेजाऱ्यांना दिला. वर्ग बंद, फोन उचलणं बंद. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरात पलंग फिरवून घेतला, तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे. त्यांच्या पत्नी शीलाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, मला दारातच म्हणाल्या, “दोन घास खातात अन् ताट सरकवून देतात. मले खोलीत बसू देत नाहीत. म्हणतात, तू समोर असली की मन अडकते.”

निबंधात मी हौसेने मांडलेली एकेक खूण आता माझ्या ओळखीच्या खोलीत येऊन बसली होती. हा माणूस त्याच्या पुस्तकांप्रमाणे तयारी करतोय, की आजारी पडलाय? आजार असेल तर त्यावर औषध आहे आणि मी गप्प बसणं हा गुन्हा. नसेल, तर त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासावर मी शेवटी माझंच नाव टाकणार. आणि चुकले, तर सर भिंतीकडे पाहत, एकटे, कोणाला न सांगता तडफडत जाणार. मला झोप येईना. वर्गात शिकवताना लक्षणांच्या यादीपाशी आले की जीभ अडखळायला लागली. त्यातच सरांनी मला बोलावून भूमिका देऊन टाकली. “उशाशी तू बसशील. काय दिसतं, एवढंच विचारायचं. बाकी नाटक करायचं नाही.” मी छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून होकार दिला. मग बाहेर येऊन जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

भ्यालेला माणूस कारस्थानं करतो. माझी मैत्रीण डॉक्टर वैशाली मानसोपचारतज्ज्ञ आहे. जपानी शिकायची हौस असलेली गृहिणी, अशी तिची ओळख ठरवून मी तिला सरांकडे नेलं. ऑटोत तिच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली. तिने ती बरी म्हटली. सरांनी शांतपणे ऐकलं, दम घेतला आणि म्हणाले, “डॉक्टर, तुमचं जपानी कच्चं आहे. अन् मघापासून तुम्ही माझ्या निळ्या पडलेल्या नखांकडे पाहून राहिल्या. मंजूनं आणलं नं तुम्हाले?”

मी खिडकीचे गज किती जाड आहेत ते पाहू लागले. पण सर चिडले नाहीत. नाकातली नळी नीट करून म्हणाले, “नैराश्य नाही, डॉक्टर. अन् साधनाबिधनाही नाही. मले भीती वाटून राहिली. श्वास आत जात नाही नं, तेव्हा लय भीती वाटते. कोणी पाहू नये म्हणून दार लावून बसतो.”

“आणि तुमचे ते भिक्षू?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्यांलेही वाटत असंन. नाही तर एवढ्या सूचना कोण लिहून ठेवते?”

आयुष्यभर जी पुस्तकं वाचली, त्यांच्याबद्दल इतकं सरळ ते पहिल्यांदाच बोलले असावेत. दम कोंडला की होणारी घालमेल कमी व्हावी म्हणून वैशालीने गोळी लिहून दिली. ती ते घेऊ लागले. किती मिलिग्रॅमची, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही उच्चारलं नाही. एक सूचना मात्र तशीच राहिली. शीलाताई दाराबाहेर. “चाळीस वर्षं तिनं मले घाबरलेलं पाहिलं नाही,” असं ते मला म्हणाले. “आता कसं दाखवू?”

आणि एका दुपारी शीलाताईंचा फोन आला, “ये.” एवढाच. मी पोचले तेव्हा सरांनी चादर मुठीत आवळली होती आणि डोळे भिंतीवर ताणलेले होते. मी ठरल्याप्रमाणे उशाशी बसले. शीलाताई ठरल्याप्रमाणे उंबऱ्याबाहेर, स्टुलावर. शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचणारा माझा आवाज मी शोधू लागले. “सर, काय…” आणि पुढचा शब्द येईना. ते काय सांगतील, याचीच मला इतकी भीती वाटत होती. तेवढ्यात त्यांचे डोळे भिंतीवरून सुटले आणि खोलीभर फिरत, चाचपडत, दाराकडे गेले. मी ते पाहिलं. शीलाताईंनीही पाहिलं.

त्या उठल्या, आत आल्या, कोपराने मला बाजूला सारून पलंगावर चढून बसल्या. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि खोकणाऱ्या पोराला चोळतात तशी छाती चोळू लागल्या. सरांची मूठ उघडली. त्यांनी बांगड्यांसकट ताईंचं मनगट धरलं. श्वास तुटतच होता, पण डोळे फिरायचे थांबले. तासाभराने, त्याच मांडीवर, सर गेले.

त्या तासाच्या सुरुवातीला मी गप्प बसायला हवं होतं. पण दिलेला शब्द आठवला, आणि मी हळूच म्हटलं, “ताई, सरांनी सांगून ठेवलंय, जवळच्या माणसाने उशाशी बसू नये…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“राहू दे वं तुमचं जपान,” त्या म्हणाल्या. “माझा माणूस घाबरून राहिला.”