स्टेन्सिलवरचं नाव
कचेरीत सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की मला बाहत्तर सालचं नगर आठवतं. कॉलेजात आम्ही दोघं बंडखोर कवी स्वतःचा अंक काढायचो. वर्गातल्या राहात्याच्या एका मुलीच्या कवितांनी माझा मित्र इतका झपाटला, की त्यानं तिची वहीच चोरली. त्यातली प्रेमकविता आम्ही छापायला घेतली. "नाव नको रे, घरी मार खाईल ती," तो म्हणाला. "मग काय, कविताही चोरायची?" असं तत्त्वानं बजावून मी स्टेन्सिलवर तिचं पूर्ण नाव कोरलं. अंक राहात्यापर्यंत पोचला आणि परीक्षेआधीच वडील तिला न्यायला आले. ट्रंक उचलताना ती त्याला म्हणाली, "वही चोरलीस ती चोरलीस, नाव कशाला घातलंस रे?" त्यानं मान खाली घातली. मी शेजारीच गप्प उभा होतो. आज पन्नाशीत पहिल्यांदाच लिहितोय: नाव मी घातलं होतं.