मामींच्या गळ्यातली गाठ

स्पिरिटचा वास आला की मला बारामतीतला तो दवाखाना आठवतो. मामींच्या थायरॉइडमध्ये गाठ आली होती आणि सुईनं काढलेल्या पेशी पाहूनही ती कॅन्सरची आहे की नाही, ते ठरत नव्हतं. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावण्याची थोडी भीती होती, आणि मामी तर इंदापूरच्या बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्या. मामा म्हणाले, "काढूनच टाकू. उगा जिवाला घोर नगं." मी तेव्हा मायक्रोआरएनएवर संशोधन करत होते. मी मामींना समजावलं, की पेशीत असे बारीक रेणू असतात, कोणत्या जनुकाला गप्प बसवायचं ते ठरवतात. कॅन्सरमध्ये त्यांचं प्रमाण बदलतं आणि ते याच नमुन्यात मोजता येतं. "मग आधी मोजा की," मामी म्हणाल्या. डॉक्टरांनी नमुना पाठवला. प्रमाण कॅन्सरसारखं नव्हतं. "पक्कं हाय?" मामींनी मला विचारलं. "पक्कं नाही, मामी. पण शक्यता फार कमी आहे." त्या हसल्या. "खरं बोललीस. मग दर वरसाला तपासू. वाढली तर मीच म्हणंन, कापा." मामांनीही मान डोलावली. गाठ आजही तेवढीच आहे. आणि मी आता कुणालाही रिपोर्ट समजावताना, त्यातून काय कळत नाही, ते आधी सांगते.