मुकादमाची दुपार

मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यावर मुकादम नऊ वर्षे राखणीला होता. मालक शुभंकर यांनी गाळा बंद केला, तेव्हा हा कुत्रा त्यांच्या बहिणीकडे, पद्मजाबाईंकडे, कोथरूडला आला तो सवयींसकट. जिन्यात कोणी ओझे टेकवले की तो भुंके, आणि थांबत नसे. तेही दुपारी, ज्या वेळी त्या सोसायटीत बेल वाजवणेसुद्धा असभ्यपणाचे मानले जाते.

सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदर छापील हमीपत्र घेऊन आले. कुत्रा भुंकणार नाही. भुंकल्यास त्याला हलवण्यात येईल. सहीला महिन्याची मुदत होती.

"या वयात कुत्रं काही शिकत नसतं," ते म्हणाले.

"मला बासष्टावं चालू आहे. माझ्याबद्दलही हेच मत आहे का आपलं?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला.

पहिले दोन आठवडे वाया गेले. ग्रंथालयात तीस वर्षे वाचकांना गप्प बसवत आलेल्या बाई पलंगावरूनच 'गप्प' म्हणून दरडावत. मुकादमाला वाटे, त्या साथ देत आहेत. अखेर त्यांनी भावाला फोन केला.

"गाळ्यावर तो थांबायचा कसा?"

"मी उठून बाहेर यायचो, पोतं पाहायचो, 'बघितलं रे' म्हणायचो. त्याचं काम संपायचं."

"हे आधी सांगता आलं नाही?"

"ताई, तू विचारलंस कुठे? तू मलाच त्याचं पथ्यपाणी शिकवत होतीस."

म्हणजे शिकायचे दोघांनी होते. निवृत्तीनंतर मिळालेली दुपारची झोप बाईंनी सोडली. पहिल्या भुंकण्याला उठायचे, गुडघा कुरकुरला तरी दार उघडायचे, 'बघितलं रे' म्हणून भाकरीचा तुकडा द्यायचा. हे सारे तो दुसऱ्यांदा भुंकण्याच्या आत. उशीर झाला तर चूक बाईंची.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अडीच वाजता, अध्यक्षांनी स्वतः तांदळाची पिशवी दारापुढे आदळली. मुकादम एकदा भुंकला. बाई दारात आल्या. त्यांनी पिशवी पाहिली, मग अध्यक्षांना पाहिले.

"बघितलं रे."

मुकादम आडवा झाला.

"भुंकलाच की," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, बेलसुद्धा एकदा वाजतेच. ती काढणार आहात?"

बाईंनी हमीपत्रातली 'कुत्रा भुंकणार नाही' ही ओळ खोडली, वर स्वच्छ अक्षरात लिहिले, 'कुत्रा एकदा भुंकेल, मग मी उठेन,' आणि खाली सही केली.

"असा मजकूर बदलता येत नाही."

"मग नवा छापून आणा. कुत्रा इथेच राहील. आणि दुपारीच या. आम्ही जागे असतो."