पाचशेपैकी सदतीस

किस्से सुक्या बोंबलासारखे असतात. एक बाहेर काढला की वासानेच बाकीचे आठवतात. वरचं थोडं मीठ माझं, हे आधीच सांगतो.

दामूकाका माकुणसार गावचे. एकाहत्तरच्या लढाईत एअरफोर्समध्ये मेकॅनिक. रिटायर होऊन तारापूरला आमच्या कारखान्यात लागले. नाद एकच: लढाऊ विमानांची चित्रं जमवणं. मोजक्याच प्रती छापलेल्या, आणि खाली पेन्सिलीने नंबर, चित्रकाराची सही, वैमानिकाची सही.

पहिलं चित्र आलं त्यावर ३७/५००. म्हणजे पाचशे प्रतींतली सदतिसावी. काकी म्हणाल्या, "पाचशेपैकी सदतीस? नापास झालेला कागद भिंतीवर लावताव?"

*

भिंत भरली. काकी चिडल्या. "देवाला जागा नाय आन् इमानांना हाय!"

काकांनी तसबिरी उचलून विमानांच्या वर टांगल्या. "देव वरच राहतात. खालून ट्रॅफिक जातो."

*

पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून काका फ्रेममागे तांदळाच्या पुरचुंड्या ठेवत. एका रात्री उंदराने तांदळाबरोबर विमानाचा डावा पंखही खाल्ला.

काका म्हणाले, "शत्रूला जमलं नाही ते यानं केलं." आणि पिंजरा लावला नाही.

*

एका चित्राची मात्र काकांनी सात वर्षं वाट पाहिली. त्यातलं विमान लढाईत त्यांच्याच हाताखालून गेलेलं. चित्र आलं, पण सही करून महिन्याभरात ते विमान उडवणारा वैमानिक वारला होता.

बोईसरच्या फ्रेमवाल्याने चित्र हातात देत अभिमानाने सांगितलं, "चाचा, नीचे पेन्सिल का दाग था. रबर मारके एकदम साफ कर दिया."

काका कोऱ्या कडेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा किया, बेटा."

चित्र आठ दिवस भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

नवव्या दिवशी मी चहाला गेलो, तर काकींनी चित्र फ्रेममधून काढून पाटावर ठेवलेलं. हातात पेन्सिल.

"अवो, तुमच्या सहीबिगर इमान जमीन सोडायचं नाय, असं लग्नापासून ऐकतेय. खरं ना?"

"खरं. मेकॅनिकने वहीत सही केल्याशिवाय वैमानिक आत चढत नाही."

"मग करा."

काकांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. सही केली, आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं, "नंबर काय घालू?"

काकी कपबशा उचलत म्हणाल्या, "पाचशेपैकी पाचशे."