उंच गाडीची पायरी

दादाचा फोन आला तेव्हा मी हिमायतनगरच्या घरी गच्चीवरून पापड काढून खाली आणत होते. "तुझी वहिनी जेवून आडवी झाली... उठतच नाहीये गं," एवढंच तो म्हणाला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना होऊन गेला, तरी नल्लकुंट्याला दादाकडे गेले की वाटतं, आता आतून आवाज येईल, "वन्सं, चपला बाहेर, आत्ताच पुसलंय!" नणंदेला असं दरडावणारी भावजय मी दुसरी पाहिली नाही. आणि माझा फार जीव होता तिच्यावर.

बाजारात नवनव्या गाड्या यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. आधी स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, आता शोरूमवाले हात धरून बोलवायला लागले होते. दादा नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवायचा, आणि त्याची जुनी स्कूटर चढ आला की रडायची. दोन मोटरसायकली त्याच्या मनात भरल्या होत्या. एक उंच, दणकट, लांबच्या प्रवासाची; दुसरी बुटकी क्रूझर, पाय पुढे सोडून ऐटीत बसायची. त्याचा जीव उंच गाडीत अडकलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण दादा ताडमाड आणि वहिनी जेमतेम त्याच्या छातीला लागायची. "तिला चढता येणार नाही गं, बुटकीच घेतो," असं म्हणून सुस्कारा टाकायचा. मी म्हटलं, "अरे, तिला विचारलंस का?" तर म्हणे, त्यात काय विचारायचं!

शेवटी मीच दोघांना घेऊन शोरूमला गेले. सेल्समननं वहिनीला क्रूझर दाखवली. "भाभी, बैठके तो देखो, एकदम सोफे के जैसा है." वहिनी बसली, पदर सावरला, आणि उतरली.

"हौ, सोफाच आहे. सोफ्यावर बसून कोण कुठं गेलंय? घरी आहे की एक!" मग उंच गाडीकडे बोट करून, "अहो, मला तिच्यावर चढवा."

दादानं आणि मी तिला ढकलून वर बसवलं, अख्खं शोरूम बघत होतं. दादा पुढे बसला. मागची सीट इतकी उंच, की त्याच्या खांद्यावरून ती काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बसवकल्याणचा, माझ्या माहेरचा रस्ता मी धड पाहिला नाही. बसमध्ये उभ्या माणसांच्या पाठी बघत जायचं आणि तसंच परत यायचं. त्या बुटकीवर बसून आता तुमची पाठ बघू होय? मला रस्ता दिसला पाहिजे." दादानं तिथल्या तिथं उंच गाडी नोंदवली. गणिताचा मास्तर, पण हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

चढायचं कसं, ते तिनंच सोडवलं. मेस्त्रीला बोलावून फाटकाशेजारी शहाबादी फरशीची उंच पायरी बांधून घेतली. आई चिडली, "सूनबाईंना घोड्यावर बसायचंय का?" "हौ आई, तुम्हालाही बसवते," वहिनी म्हणाली, आणि आईलाच हसू फुटलं. दादा गाडी पायरीला लावायचा, ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून चढायची. "दिसतंय ना?" तो विचारायचा. "हौ, काढा," ती म्हणायची. त्या दिवाळीला दोघं माहेरी जाऊन आली. धुळीनं माखलेली, केसांचा झाडू झालेला, आणि वहिनी फाटकातूनच मला ओरडून सांगत होती, "वन्सं, जहिराबादच्या पुढं तुरी फुलल्यात, नुसतं पिवळं पिवळं!" जशा काही हिनंच पेरल्या होत्या. पुढची प्रत्येक दिवाळी तशीच गेली.

परवा मी निघाले तर दादा म्हणाला, "थांब, सोडतो." ती गेल्यापासून त्यानं गाडी पहिल्यांदाच बाहेर काढली. सवयीनं पायरीला लावली आणि मागं न बघता थांबला. मी त्याच्याइतकीच उंच, मला कसली लागते पायरी... तरी पायरीवरूनच चढले. खांद्यावर हात ठेवला.

"दिसतंय ना?" तो म्हणाला.

डोळे इतके भरून आले होते की फाटकसुद्धा दिसेना.

"हौ," मी म्हटलं, "काढ."