दोन्ही पायांना विचारणाऱ्या सिस्टर

सेलिन सिस्टरांच्या खिशात एक वेळ पेन नसायचं, पण शिंप्याची टेप हमखास असायची. ड्युटीवर आल्या की ज्या बाळाच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, त्याच्या दोन्ही मांड्या त्या मोजत. रोज त्याच जागी टेप बसावी म्हणून पेनाचा बारीक ठिपका करून ठेवत. माणिकपूरच्या इस्पितळात नवजात बाळांच्या विभागात मी नवाच रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी मी शहाणपणानं विचारलं, "सिस्टर, झबलं शिवताय की चड्डी?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "एका पायाला विचारून काय कळणार, डॉक्टर? दोन्ही पायांना विचारायचं असतं."

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्या वारल्या. जवळच्याच गावात त्यांची केळीची वाडी होती. रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून त्या तशाच कामावर येत. प्रश्न विचारायचा त्यांना विलक्षण नाद होता. रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून देतात ते इंजेक्शन नवजात बाळाला वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त का लागतं, हे एकदा त्यांनी मला विचारलं. मला येत नव्हतं. घरी जाऊन पुस्तकं उघडली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की औषध ज्या प्रथिनाच्या मदतीनं काम करतं तेच बाळाच्या रक्तात कमी असतं, शिवाय औषध अंगातून लवकर निघूनही जातं. "म्हणजे हाताखाली माणसं कमी, म्हणून साहेबाला जास्त राबावं लागतं," असं म्हणून त्या पुढच्या बाळाकडे वळल्या. मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं त्यांच्या अशा प्रश्नांच्या धाकानं शिकलो.

कळंबच्या एका कोळी कुटुंबातलं सहा दिवसांचं बाळ आमच्याकडे आलं. दूध पुरेसं पोटात न गेल्यानं अंगातलं पाणी पार आटलं होतं. हाताच्या शिरा सापडेनात, म्हणून मी डाव्या जांघेतल्या शिरेत नळी घातली. तिसऱ्या दिवशी बाळाची आजी मला म्हणाली, डावा पाय जड लागतो. गावातल्या अर्ध्या बाळांना तिनंच मालिश केलेली होती. मी म्हटलं, नळी आहे ना, म्हणून वाटत असेल. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर भेटीच्या वेळेत तिनं आपल्या परीनं उपाय केला आणि पोटरी हलक्या हातानं चोळायला घेतली.

तेवढ्यात सिस्टर टेप घेऊन आल्या. डावी मांडी उजवीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरली. मी लंगोट घट्ट झाला असेल म्हणालो. त्यांनी लंगोट सोडला, थोडा वेळ थांबल्या, पुन्हा मोजलं आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरांना स्वतः बोलावून आणलं. निरोगी शीर वरून दाबली की चपटी होते. ही होईना. आत गुठळी होती.

मी घाबरलो होतो आणि त्या भीतीचा राग निघाला आजीवर. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, हे मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग डोक्याची सोनोग्राफी करून आत रक्तस्राव नाही याची खात्री केली आणि दिवसातून दोनदा तेच गुठळीवरचं इंजेक्शन सुरू केलं. रक्त तपासून मात्रा वाढवली. चार-पाच दिवसांनी नळी काढली. सूज उतरत गेली आणि पाय वाचणार असं दिसू लागलं.

आजी रोज यायची, पण दाराशीच थांबायची. तिची सून, म्हणजे बाळाची आई, म्हणाली, घरी सगळे बोलतात की म्हातारीच्या हातानं झालं. मी ते ऐकून फाइल भरत राहिलो. सिस्टरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"गुठळी कशानं झाली, डॉक्टर?"

"नळीमुळे. आणि अंगात पाणी कमी होतं त्यामुळे."

"हे मला नका सांगू, तिला सांगा. बाळाचा पाय बरा होईल, पण ही बाई जन्मभर स्वतःचे हात बघत बसेल."

कबूल करतो, मला नळी घालताना भीती वाटली नव्हती तेवढी ते दार गाठताना वाटली. मी म्हणालो, "आजी, गुठळी आमच्या नळीमुळे झाली. नळी घालावी लागली हे खरं, पण तुमच्या हातानं काही झालं नाही. पाय जड लागतो हे सगळ्यांत आधी तुम्हीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

आता ही माझा उद्धार करणार, अशी मी मनाची तयारी केली होती. सून तिच्याकडे बघत होती. पण आजीनं मला नाही, सिस्टरांना विचारलं, "मंग बाय, आता घेऊ का त्याला?"