मावशीचं बटण दुसऱ्याने दाबलं

गेल्या लोकसभेला, मतदानाच्या दिवशी भर दुपारी, वणीकडच्या आमच्या गावातल्या शाळेत माझ्या मावशीचं मत चोरलं गेलं. चोर विरोधकांचा नव्हता. आमच्याच पक्षाचा गावप्रमुख होता. त्याच पक्षाची पत्रकं मी महिनाभर उन्हात घरोघर वाटली होती. ‘तुमचं मत, तुमचा हक्क’ ही त्यातली ओळ माझीच.

मावशी जन्मांध. नाशिकच्या अंधशाळेत शिकलेली, ब्रेल वाचते. मतदान यंत्रावर बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, उमेदवारांची ब्रेल पत्रिकाही केंद्रावर असते. तिने ती मागितली. तिथले साहेब म्हणाले, “आता कुठं शोधत बसू? रांग बघा केवढी. सोबत कोणाला तरी घ्या.”

अंध मतदाराला सोबती नेता येतो. रांगेत मागेच गावप्रमुख उभा होता. “चला आक्का, मी हाय ना.” मताची गुप्तता पाळीन असं लिहून देऊन तो तिच्यासोबत आडोशामागे गेला. मावशीने त्याच्या कानात एका अपक्ष बाईचा क्रमांक सांगितला. यंत्र वाजलं. मत कोणाला गेलं याची चिठ्ठी काचेमागे काही क्षण दिसते, पण ती बघायला डोळे लागतात.

संध्याकाळी पक्षाच्या मांडवात तो भजी खात सगळ्यांना सांगत होता, “आक्काचं मत वाया चाललं होतं. वळवलं आपल्याकडं.”

“तिनं सांगितलं ते का नाही दाबलं?” मी विचारलं.

“अगं, तुझ्याच उमेदवाराला दिलं ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?”

मांडव हसला. एकाने त्याला टाळी दिली. शिसारी आली मला त्या माणसांची. तक्रार करते म्हटलं, तर वरचे म्हणाले, घरातलं घरात ठेव. मी पक्ष सोडला.

त्या रात्री मावशीने विचारलं होतं, “दाबलं ना गं त्यानं बरोबर?”

“नाही.”

“मग मला कशाला नेलं उन्हातान्हात? त्यालाच दोन मतं द्यायची की.”

आता पुढची लोकसभा येतेय आणि मावशी मतदानाला यायला तयार नाही. “माझं बोट बटणावर जाणार असेल तरच येईन,” म्हणते. बरोबर बोलते. तुमच्या घरात, गल्लीत असा मतदार असेल तर त्याच्यासोबत केंद्रावर जा, ब्रेल पत्रिका मागा आणि ती हातात पडेपर्यंत हलू नका. बटण त्यालाच दाबू द्या. त्यानेच तुम्हाला दाबायला सांगितलं, तर तो सांगेल तेच दाबा. तुमची अक्कल शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा.